जनुकांचं नियमन लिहिताना या चुका टाळा

सांगलीतल्या आमच्या क्लासचे सराव पेपर तपासत होतो. प्रश्न सरळ होता: दृश्यकेंद्रकी (म्हणजे केंद्रक असलेल्या, आपल्यासारख्या) पेशीत जनुकांचं नियमन, म्हणजे जनुकं चालू-बंद करणं, कसं होतं? निम्म्या पोरांनी लॅक ओपेरॉनची (एकत्र चालू-बंद होणाऱ्या जनुकांच्या गटाची) सुबक आकृती काढून ठेवलेली. आकृतीत खोट नाही, पण ती जिवाणूची. जाकोब आणि मोनो या शास्त्रज्ञांनी १९६१ साली मांडली ती ई. कोलाय या जिवाणूवरून. जिवाणूला केंद्रक नसतं. आरएनए (जनुकाची नक्कल) अजून तयार होत असतानाच रायबोसोम (प्रथिन बनवणारी यंत्रं) त्यावर चढतात. आपल्या पेशीत आरएनए केंद्रकात बनतो, तिथंच त्याची काटछाट होते, मग तो बाहेर पडतो. म्हणजे अडवायला जागा कितीतरी. उत्तरात 'केंद्रक' हा शब्दच नसेल तर समजा, गाडी ओपेरॉनच्या रस्त्याला लागलीय.

'नको ती जनुकं पेशीतून निघून जातात' असंही काहींनी लिहिलंय. नाही हो! हळदीच्या पानात आणि कंदात जनुकं तीच, चालू मात्र वेगवेगळी. (तांबड्या रक्तपेशी अख्खं केंद्रकच टाकून देतात, पण तो अपवाद.)

'मिथिलेशन म्हणजे जनुक बंद' हे पाठांतर सगळ्यात घातक. आधी बघा, मिथिल गट (एक छोटा रासायनिक तुकडा) बसलाय कुठं? प्रमोटरजवळच्या (जनुक वाचायला जिथून सुरुवात होते तिथल्या) सायटोसिन या डीएनएच्या अक्षरावर असेल तर जनुक बहुधा गप्प. हिस्टोनवर (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर) असेल तर जागेवर ठरतं: एच३ या हिस्टोनच्या चौथ्या जागेवरच्या लायसिनवर (लायसिन हे एक अमिनो आम्ल) तीन मिथिल असले तर जनुक सहसा चालू, सत्ताविसाव्या जागेवरच्या लायसिनवर असले तर दाबलेलं. अ‍ॅसिटिल गटाचं गणित सोपं आहे. तो लायसिनचा धन प्रभार घालवतो, त्यामुळे ऋणप्रभारी डीएनएवरची पकड सैल होते.

एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारा डीएनएचा तुकडा) जनुकाला चिकटूनच असतो, असंही धरू नका. माणसात सॉनिक हेजहॉग जनुकाचा एक एन्हान्सर सुमारे दहा लाख बेस-जोड्या लांब, तोही दुसऱ्याच जनुकाच्या इंट्रॉनमध्ये (आरएनएतून कापून टाकल्या जाणाऱ्या भागात) बसलाय. त्यातलं एखादं अक्षर बदललं तरी हाताला जास्तीचं बोट येऊ शकतं.

शेवटची चूक मात्र हुशार पोरंही करतात. ट्रान्स्क्रिप्शन (डीएनएवरून आरएनए बनणं) झालं की पेन खाली! एमआरएनए (प्रथिनाचा निरोप नेणारा आरएनए) दिसतोय पण प्रथिन नाही, असा प्रश्न आला की गडबडतात. तिथं एमआरएनएला अडवणारा छोटासा मायक्रोआरएनए आठवा. अ‍ॅम्ब्रोस आणि रव्हकुन यांना २०२४ चं नोबेल त्यासाठीच मिळालं. नाहीतर प्रथिन तयार होऊन मोडलं गेलंय का, ते बघा.

हे सांगताना तासगावकडच्या एका पोरानं विचारलं, "सर, आम्ही द्राक्षाचे घड जीएत (जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकात) बुडवतो, त्यानं डीएनए बदलतो काय?" प्रश्न झकास होता. डीएनएचं एक अक्षरही हलत नाही. जिबरेलिन पेशीतल्या ग्राहीला (संप्रेरक ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटतं, मग ती जोडी जनुकं दाबून धरणाऱ्या डेला नावाच्या प्रथिनाला धरते. डेलावर युबिक्विटिनचा (मोडायच्या प्रथिनावर लागणाऱ्या खुणेचा) शिक्का बसतो आणि पेशीतलं प्रथिनं तोडणारं यंत्र प्रोटिअ‍ॅसोम त्याचे तुकडे करतो. डेलानं दाबून धरलेली जनुकं मोकळी होतात, मणी फुगतो. म्हणजे डेलाचं जनुक चालू, प्रथिनही बनलेलं, तरी पेशीत डेला टिकत नाही.

पुढच्या पेपरात त्यानं ओपेरॉनऐवजी घडच काढला. अर्धा मार्क कापला, कारण डेलाला त्यानं एन्झाइम म्हटलं होतं.