घरी संकट आणि असाइनमेंट तोंडावर: ब्रिटनमध्ये नव्याने आलेल्या विद्यार्थ्यांसाठी

सप्टेंबरात इथे येणाऱ्या आपल्या मुलांना घर, बँक खातं, जाड कोट याबद्दल सगळेच सांगतात. घरात कोणी वारलं, स्वतः अंथरूण धरलं आणि त्याच आठवड्यात असाइनमेंट द्यायची असली तर काय करायचं, हे कोणी सांगत नाही. मी इथे बरीच वर्षं आहे. असे फोन मला येतात, पण बहुतेक निकाल लागल्यावर येतात, आणि तोवर अर्ध्याहून अधिक दारं बंद झालेली असतात.

इथल्या युनिव्हर्सिट्यांत अशा प्रसंगासाठी लेखी नियम असतात. कुठे त्याला एक्स्टेन्युएटिंग सर्कमस्टन्सेस म्हणतात, कुठे मिटिगेटिंग. आपल्या युनिव्हर्सिटीच्या साइटवर ते पान शोधा आणि सगळं सुरळीत असतानाच वाचून ठेवा. सवलत एकट्या प्राध्यापकाच्या मर्जीवर नसते. पर्सनल ट्यूटरला, म्हणजे तुमच्यासाठी नेमलेल्या मार्गदर्शक प्राध्यापकाला, जरूर सांगा, पण ते ‘काळजी करू नकोस’ म्हणाले म्हणजे मुदत वाढली असं धरून चालू नका. सवलतीचा फॉर्म मुदतीत गेला तरच त्याला अर्थ.

मार्क वाढवून सहसा मिळत नाहीत. मिळते ती मुदतवाढ, उशिराच्या दंडातून सूट, किंवा तोच पेपर पुढच्या वेळी ‘पहिला प्रयत्न’ म्हणून द्यायची मुभा. ही तिसरी गोष्ट फार मोलाची आहे. नापास होऊन पुन्हा दिलेल्या परीक्षेचे मार्क बहुतेक ठिकाणी पासापुरतेच धरतात, म्हणजे सहसा पदवीला ४० आणि मास्टर्सला ५०, मग पेपर कितीही छान लिहा. पहिला प्रयत्न मानला तर पडतील तेवढे सगळे तुमचे.

बऱ्याच ठिकाणी ‘फिट टू सिट’ नावाचा नियम आहे: परीक्षेला बसलात म्हणजे तब्येत ठीक असल्याचं तुम्हीच मान्य केलंत. ताप अंगावर काढून पेपर देण्याची आपली जुनी खोड इथे महागात पडते. जमणार नसेल तर पेपरच्या आधी कळवा.

आता फॉर्म. ‘घरात गंभीर अडचण होती, मी खूप तणावात होतो, कृपया सहानुभूतीने विचार करावा’ असं लिहिलेले अर्ज मी पाहिले आहेत. त्यातून अर्जावर निर्णय घेणाऱ्या समितीला काहीच हाती लागत नाही. त्यांना तीन गोष्टी हव्या असतात: काय घडलं, कोणत्या तारखांना, आणि त्यामुळे कोणत्या मॉड्यूलचं (विषयाचं) कोणतं काम अडलं. ‘३ नोव्हेंबरला वडील आयसीयूत दाखल झाले, १२ तारखेपर्यंत मी रोज रात्री हॉस्पिटलशी फोनवर होतो, १० तारखेचा रिपोर्ट अर्धाच राहिला’, एवढं पुरे. विनवण्या नकोत. घरातलं सगळं उघडं करायचीही गरज नाही. ही माहिती गोपनीय ठेवतात.

पुरावा बहुतेक वेळा लागतोच. डिस्चार्ज कार्ड, मृत्यूचा दाखला यांचा स्पष्ट फोटो घरून लगेच मागवा. मराठीत असेल तर अधिकृत भाषांतर मागू शकतात. घरच्यांना त्या दिवसांत कागद मागणं जिवावर येतं, म्हणून हे काम एखाद्या चुलतभावाकडे सोपवा. गेलेले मोठे काका असतील तर नातं समजावून सांगा. ज्यांनी शिकवलं, वाढवलं ते काका म्हणजे काय, हे इथल्या समितीला आपोआप कळणार नाही. अंत्यविधीसाठी निघालात तर निघण्याआधी डिपार्टमेंटला ईमेल टाका, गैरहजेरीची नोंद तशी होते.

स्वतः आजारी असाल तर त्याच दिवसांत जीपीला, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरला, दाखवा. बरं झाल्यावर गेलात तर डॉक्टर फार तर ‘विद्यार्थी असं सांगतो’ एवढंच लिहितील. हेल्थ सरचार्ज, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेचं शुल्क, व्हिसाबरोबर भरलेला असतो, त्यामुळे दाखवायला पैसे पडत नाहीत. पत्राचे मात्र काही ठिकाणी घेतात. दोन-चार दिवसांच्या आजाराला अनेक युनिव्हर्सिट्या तुमचा स्वतःचा लेखी खुलासाही चालवून घेतात.

लॅपटॉप बंद पडला, नोकरीची शिफ्ट होती, बहिणीचं लग्न होतं, ही कारणं सहसा चालत नाहीत. पैशांची ओढाताण असेल तर हार्डशिप फंडाची, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या मदतनिधीची, वेगळी चौकशी करा. व्हिसावर ज्यांना बंदी असते त्या सरकारी भत्त्यांत तो मोडत नाही, त्यामुळे व्हिसाला धोका नाही.

वर्षभर थांबावं असं वाटलं तर आधी इंटरनॅशनल ऑफिसच्या व्हिसा सल्लागाराला भेटा. खंड पडला की युनिव्हर्सिटीला होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा पाहणाऱ्या सरकारी खात्याला, कळवावं लागतं, आणि तो ६० दिवसांहून मोठा असेल तर तुमचा व्हिसा जिच्यावर उभा आहे ती युनिव्हर्सिटीची स्पॉन्सरशिप सहसा काढून घेतली जाते. मग घरी परतून पुन्हा व्हिसा.

अर्ज नाकारला तर स्टुडंट्स युनियनच्या सल्ला केंद्रात जा. ते सहसा युनिव्हर्सिटीपासून स्वतंत्र असतं आणि फुकट असतं. युनिव्हर्सिटीतलं अपील संपल्यावर ‘कम्प्लिशन ऑफ प्रोसीजर्स’ नावाचं पत्र मिळतं. ते जपून ठेवा. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यानंतर १२ महिन्यांच्या आत ओआयए या स्वतंत्र संस्थेकडे विनाशुल्क तक्रार करता येते. स्कॉटलंडमध्ये हे काम तिथला लोकपाल, एसपीएसओ, पाहतो. मार्क बरोबर दिले की नाही यात ते पडत नाहीत. तुमच्या अर्जावर नियमाप्रमाणे विचार झाला का, एवढंच तपासतात.