केमोथेरपीतील जुलाब आणि लोपेरामाइडची गोळी : या चुका टाळा

केमोथेरपी घेऊन बेळगाव जिल्ह्यातील निपाणी, चिकोडी किंवा खानापूर तालुक्यातील गावी परतलेल्या रुग्णाला जुलाब लागले, की घरचे लोक औषध दुकानात जाऊन ढाळ थांबवायची गोळी मागतात. मिळते ती बहुधा 2 मिलिग्रॅमची लोपेरामाइड, आणि पुष्कळदा तेच योग्य औषध असते. मात्र ही गोळी आतड्यांची हालचाल मंदावते आणि पाणी शोषले जाण्यास अवधी देते, जंतू मारत नाही, हे ध्यानात न घेतल्यामुळे पुढच्या चुका होतात.

सर्वांत घातक चूक म्हणजे ताप असताना गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे. केमोनंतर साधारण दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत कमी झालेल्या असतात. अशा वेळी 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, शौचातून रक्त किंवा पोटात तीव्र वेदना असल्यास आतड्यांत जंतुसंसर्ग असू शकतो आणि हालचाल थांबवल्याने तो बळावू शकतो. तापमान न मोजता आधी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण त्यामुळे ताप झाकला जातो. कणकुंबी, जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात रात्री वाहन मिळणे कठीण असते, म्हणून दुपारी अंग कोमट लागले तरी थर्मामीटर लावावा आणि निर्णय उजेडीच घ्यावा. 108 ची रुग्णवाहिका बोलावण्यात संकोच नको.

प्रमाणाबाबत दोन्ही टोकांच्या चुका दिसतात. एक गोळी घेऊन थांबणारे आहेत, तसेच मूठभर गोळ्या घेणारेही आहेत. प्रौढांसाठी सर्वसाधारण पद्धत अशी, की आरंभी 4 मिलिग्रॅम म्हणजे दोन गोळ्या, त्यानंतर दर चार तासांनी किंवा प्रत्येक पातळ शौचानंतर एक, आणि दिवसभरात 16 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही. इरिनोटेकॅन हे केमोचे औषध घेणाऱ्यांना डॉक्टर कधीकधी दर दोन तासांनी एक गोळी लिहून देतात, शेवटच्या पातळ शौचानंतर 12 तास उलटेपर्यंत. पण तेही 48 तासांच्या पुढे नाही. ही सूचना त्या रुग्णापुरती असते, शेजारच्या रुग्णाची चिठ्ठी पाहून ती उचलू नये. अतिमात्रेने हृदयाची लय बिघडू शकते, आणि उलटीसाठी दिलेले ऑन्डान्सेट्रॉन किंवा बुरशीविरोधी इट्राकोनाझोल सोबत चालू असल्यास ही जोखीम वाढते. याच इरिनोटेकॅनने पहिल्या 24 तासांत घाम, लाळ आणि कळांसह जुलाब झाल्यास त्यावर अ‍ॅट्रोपिन हे वेगळे औषध लागते, म्हणून ते वॉर्डात लगेच सांगावे.

कॅपेसिटाबिन या केमोच्या गोळ्या घेणारे ‘कोर्स मोडायचा नाही’ म्हणून जुलाबातही त्या चालू ठेवतात. नेहमीपेक्षा दिवसातून चार वा अधिक वेळा जास्त शौचास जावे लागले किंवा त्यासाठी रात्री उठावे लागले, तर त्या थांबवून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना कळवावे. चुकलेली मात्रा नंतर भरून काढू नये. पेम्ब्रोलिझुमॅब किंवा निव्होलुमॅब ही इम्युनोथेरपी (रोगप्रतिकारशक्तीला कर्करोगाविरुद्ध चालना देणारे उपचार) चालू असेल, तर जुलाब रोगप्रतिकारशक्तीने आतड्यांना आणलेल्या दाहाचे असू शकतात. त्यांना स्टेरॉइड लागते, आणि परस्पर घेतलेली लोपेरामाइड ते निदान लांबवते. प्रतिजैविक मिसळलेल्या जुलाबाच्या संयुक्त गोळ्याही स्वतःहून घेऊ नयेत.

पाण्याकडे दुर्लक्ष करणे हीदेखील चूकच. ओआरएसचे मोठे पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात विरघळवावे, अंदाजाने पेल्यात टाकू नये. दूध, कुंदा (दुधाची मिठाई) आणि झणझणीत रस्सा काही दिवस टाळून पेज, मऊ भात आणि केळे द्यावे. लघवी कमी झाली किंवा उभे राहताना चक्कर आली, तर रक्तदाबाच्या व मधुमेहाच्या गोळ्या चालू ठेवाव्यात का, हे त्याच दिवशी विचारावे.

24 तासांत उतार न पडल्यास गोळ्या वाढवण्याऐवजी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना फोन करावा. जुलाब थांबले, पण पोट फुगले आणि वायूही सरेनासा झाला, तर लोपेरामाइड बंद करून रुग्णालय गाठावे.

येथील रुग्ण उपचारासाठी बेळगाव, कोल्हापूर, मिरज किंवा हुबळीला जातात आणि प्रकृती बिघडल्यावर प्रथम गावातल्या डॉक्टरांकडे येतात, ज्यांच्यापुढे फाइल नसते. डिस्चार्ज कार्ड, केमोच्या औषधाचे नाव आणि वॉर्डाचा फोन क्रमांक यांची छायाचित्रे रुग्णाच्या आणि घरातील आणखी एकाच्या मोबाइलमध्ये आधीच असावीत.