जनरेटिव्ह आर्टचं टोकन काढताय? या चुका टाळा

जनरेटिव्ह आर्ट म्हणजे कोडने काढलेलं चित्र, आणि टोकन म्हणजे त्याची ब्लॉकचेनवर नोंदलेली, विकता येणारी प्रत. घरच्या लॅपटॉपवर चित्र झकास दिसतं आणि प्लॅटफॉर्मवर चढवलं की नुसता पांढरा पडदा. बहुतेक वेळा कारण एकच असतं: कोड तुमच्या मशीनवरच्या कशावर तरी विसंबलेला असतो.

समजा, सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफावर, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांवर, प्रोजेक्ट करायचाय. 10 अवतार, प्रत्येकाची 12 पानं, एकूण 120. प्रत्येक टोकनला एक गोल पान. कुठला अवतार, कुठला रंग, कशी किनार, हे सगळं त्या टोकनच्या हॅशवरून, म्हणजे त्याला मिळालेल्या अक्षर-आकड्यांच्या लांबलचक ओळीवरून, ठरतं. प्लॅटफॉर्म आर्ट ब्लॉक्स (2020) असो की एफएक्सहॅश (2021), नियम तोच: एका हॅशला कायम एकच चित्र.

इथे पहिली चूक मॅथ.रँडम(), म्हणजे दर वेळी नवाच आकडा देणारं जावास्क्रिप्टचं फंक्शन, वापरण्याची. वेबपेज रिफ्रेश केलं की अवतार बदलला, म्हणजे हेच झालंय. प्लॅटफॉर्मने दिलेलं फंक्शन वापरा, एफएक्सहॅशवर $fx.rand(), जुनं नाव एफएक्सरँड(). पी5 ही चित्रं काढायची जावास्क्रिप्ट लायब्ररी वापरत असाल तर त्याचं रँडम() आणि नॉइझ() आपोआप हॅशशी जोडलं जात नाही. सुरुवातीलाच त्यांचा क्रम पक्का करणाऱ्या रँडमसीड() आणि नॉइझसीड() या दोघांनाही $fx.rand()मधून आकडा द्या. नॉइझचं हटकून राहून जातं.

दुसरी चूक जास्त छुपी आहे. किनारीच्या पाकळ्या किती, हे विंडोच्या रुंदीवर ठरवलं आणि प्रत्येक पाकळीला एक रँडम आकडा घेतला. मोबाइलवर पाकळ्या कमी, म्हणून आकडेही कमी खर्च झाले. पुढचा आकडा अवतार ठरवणारा असेल, तर तो सरकतो: लॅपटॉपवर मत्स्य, मोबाइलवर कूर्म! म्हणून अवतार, रंग, पाकळ्यांची संख्या हे सगळं आधी ठरवून घ्या, मग चित्र काढा. मापं पिक्सेलमध्ये नकोत, कॅनव्हासच्या रुंदीच्या प्रमाणात ठेवा. मग तोच हॅश देऊन दोन ब्राउझरमध्ये आणि फोनवर शेजारी शेजारी ठेवून बघा.

लायब्ररी किंवा फाँट बाहेरच्या लिंकवरून घेऊ नका, सगळं फोल्डरमध्ये हवं. तुमच्या मशीनमधला देवनागरी फाँट दुसऱ्याकडे असेलच असं नाही. त्याची फाइल सोबत द्या आणि ती लोड झाल्यावरच अक्षरं काढा. बाहेरचं काही लागत नाही ना, ही तपासणी कोकणात पावसाळ्यात फुकटात होते. लाइट गेली, राऊटर बंद पडला, की लॅपटॉपच्या बॅटरीवर लोकल सर्व्हर चालू करून इनकॉग्निटो विंडोत चित्र उघडा. साध्या विंडोत कॅश, म्हणजे ब्राउझरने आधी साठवलेल्या फाइली, फसवते. फाइलवर डबल क्लिक करूनही उघडू नका, ब्राउझर मॉड्यूल, म्हणजे जोडलेल्या कोडच्या फाइली, अडवतो.

एफएक्सहॅशवर चढवायची झिप फोल्डरची नाही, फोल्डरच्या आतल्या फाइलींची करा. इंडेक्स.एचटीएमएल झिप उघडताच समोर दिसली पाहिजे. नावातलं कॅपिटल-स्मॉलही तपासा. विंडोज सोडून देतं, सर्व्हर सहसा नाही.

प्रिव्ह्यू, म्हणजे टोकनची दाखवायची प्रतिमा, अर्धवट येत असेल, तर चित्र पूर्ण झाल्यावरच $fx.preview() (जुनं नाव एफएक्सप्रिव्ह्यू()) बोलवा.

'प्रकाशित करा' दाबण्याआधी सँडबॉक्समध्ये, म्हणजे प्लॅटफॉर्मच्या चाचणीच्या जागी, भरपूर हॅश फिरवून बघा. आयपीएफएसवर, म्हणजे फाइली अनेक संगणकांवर साठवणाऱ्या जाळ्यावर, फाइलचा पत्ता तिच्या मजकुरावरूनच बनतो. एक स्वल्पविराम बदलला तरी पत्ता नवा, आणि विकलेलं टोकन जुन्याच पत्त्याकडे बोट दाखवत राहतं. आणि हो, कारागिराने हाताने रंगवलेली पानं स्कॅन करून वापरायची असतील, तर आधी त्याला विचारा, त्याचा वाटाही ठरवा.