एरिनात मेंढी कुणाची करायची, हे आधी ठरवा

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या ऑनलाइन गेमच्या टू-व्ही-टू एरिनात, म्हणजे दोघांविरुद्ध दोघांच्या लढतीत, रोग (लपून वार करणारा) आणि मेज (जादूगार) अशी जोडी खेळत असाल, तर सामना सुरू होण्याआधीच ठरवून टाका: मारायचं कुणाला आणि अडकवायचं कुणाला. मेजनं पॉलिमॉर्फ या मंत्रानं शत्रूच्या हीलरची, म्हणजे जोडीदाराला बरं करणाऱ्याची, काही वेळ मेंढी करायची, रोगनं दुसऱ्याला धरायचं.

गोची इथे होते. एकाच प्रकारचा कंट्रोल, म्हणजे शत्रूला अडकवून ठेवणारा डाव, लागोपाठ त्याच माणसावर टाकला की अडकण्याचा वेळ घटत जातो: आधी निम्मा, शेवटी काहीच नाही. सॅप (रोगचा शत्रूला सुन्न करणारा डाव) आणि पॉलिमॉर्फ एकाच गटात मोडतात. म्हणजे रोगनं सॅप केलेल्या हीलरवर मेजनं लगेच मेंढी टाकली, तर ती अर्ध्यातच सुटते. रोगचा ब्लाइंड (शत्रूला गोंधळवून टाकणारा डाव) मात्र वेगळ्या गटात, म्हणून मेंढीनंतर तोच वापरा.

आणि हो, मेंढीला हात लावू नका! एक फटका बसला की ती मोडते. आमच्या जोडीत हा पराक्रम मेजच करायचा, म्हणजे मीच. माझ्या ब्लिझर्ड मंत्राच्या (हिमवर्षावाच्या) वर्तुळात हीलर उभा आहे हे दिसायचंच नाही.

शत्रूनं पीव्हीपी ट्रिंकेट (कंट्रोलमधून सुटका करणारी वस्तू) वापरलं की व्हॉइसवर तेवढंच ओरडा, "ट्रिंकेट गेलं!" ते परत यायला वेळ लागतो. राखून ठेवलेला ब्लाइंड आता काढा.