सोलापुरी चादरीची नक्षी फोटोशॉपमध्ये पॅटर्न म्हणून कशी भरायची

गड्डा यात्रेच्या (सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या) स्टॉलचा बॅनर करताना मागं चादरीची नक्षी पाहिजे म्हणून लोकं एकच फुल कॉपी पेस्ट करत बसतात, कशाला राव, पॅटर्न करा ना, म्हणजे एकच तुकडा आपोआप सगळीकडं भरतो.

चादर सपाट पसरून वरून सरळ फोटो काढा, मग रेक्टँग्युलर मार्की टूलनं नक्षीचा जेवढा भाग परत परत येतो तेवढाच सिलेक्ट करा, फेदर (सिलेक्शनच्या कडा मऊ करणारं सेटिंग) शून्य पाहिजे नायतर एडिट मेनूतलं डिफाईन पॅटर्न दाबताच येत नाही (माझा अर्धा तास इथंच गेला). त्याआधी तो तुकडा वेगळ्या फाईलीत घेऊन फिल्टर, अदर, ऑफसेट मध्ये रॅप अराउंड लावून बघा, कडा मधोमध येतात आणि जोड कुठं दिसतोय ते लगेच कळतं, तिथं क्लोन स्टॅम्प (बाजूचा भाग उचलून वर छापणारं टूल) फिरवा. खरी मेहनत हीच.

भरताना पेंट बकेट नको, लेयर मेनूतून न्यू फिल लेयर, पॅटर्न घ्या, स्केल नंतर पण बदलता येतो आणि डायलॉग उघडा असताना नक्षी माऊसनं सरकवता येते. स्केल १०० च्या वर नेऊ नका, फुटतं. फोटोशॉप नसेल तर फुकटातलं गिम्प आहेच, तिथं सिलेक्शन कॉपी केलं की क्लिपबोर्डच पॅटर्न म्हणून वापरता येतो.