हंगामी अंदाज वाचताना या चुका टाळा

'अंदाज साफ चुकला' अशी ओरड दर हंगामात होते. पुष्कळदा अंदाज ठीक असतो, तो वाचायला आपण चुकतो. त्यात हवामान बदलामुळे हे वाचन आणखी किचकट झालंय.

सर्वात मोठी चूक म्हणजे सरासरी कोणत्या वर्षांची, हे न बघणं. जागतिक हवामान संघटनेच्या पद्धतीनुसार ही सरासरी 30 वर्षांची असते. आधी ती 1981 ते 2010 ची होती, आता 1991 ते 2020 ची आहे. म्हणजे तुलनेनं थंड असलेली दहा वर्षं हिशोबातून गेली आणि बरीच उष्ण दहा वर्षं आत आली. त्यामुळे आज 'सरासरीइतका' म्हटलेला उन्हाळा जुन्या मोजपट्टीवर सरासरीपेक्षा उष्ण निघू शकतो. दोन संस्थांचे नकाशे जुळत नसतील तर कोण खोटं बोलतंय हे शोधण्याआधी आधारकाळ, म्हणजे सरासरी कोणत्या वर्षांची आहे ते, तपासा. युरोपच्या कोपर्निकस सेवेचे हंगामी नकाशे, उदाहरणार्थ, 1993 ते 2016 या काळाशी तुलना करून काढलेले असतात. समुद्रही तापतोय, म्हणून अमेरिकेची 'नोआ' ही हवामान संस्था एल निनो (प्रशांत महासागराचं विषुववृत्ताजवळचं पाणी नेहमीपेक्षा तापण्याची स्थिती) मोजण्याची आपली आधार-सरासरी दर पाच वर्षांनी पुढे सरकवत आली आहे.

दुसरा घोळ टक्क्यांचा. 'सरासरीपेक्षा जास्त पावसाची शक्यता 45 टक्के' याचा अर्थ 45 टक्के जास्त पाऊस असा नाही. कमी, साधारण आणि जास्त असे तीन गट केलेले असतात आणि काहीच माहिती नसेल तर प्रत्येकाच्या वाट्याला साधारण 33 टक्के येतात. 45 म्हणजे पारडं थोडं झुकलंय, एवढंच. उरलेले 55 टक्के दुसऱ्या बाजूला आहेतच. नकाशावर रंग न भरलेला भाग दिसला की 'इथं सगळं सुरळीत' असंही समजू नका. बहुतेक नकाशांत त्याचा अर्थ 'कुठलाच कल दिसत नाही' असा असतो.

एल निनो आला की दुष्काळ ठरलेला, हेही चूक. 1997 मध्ये एल निनो अतिशय तीव्र होता, तरी भारतातला मोसमी पाऊस सरासरीच्या किंचित वरच राहिला. 2015-16 च्या हिवाळ्यात उलटं झालं: एल निनोत दक्षिण कॅलिफोर्नियात जास्त पाऊस अपेक्षित असतो, पण तसाच जोरदार एल निनो असूनही तो झाला नाही. जुन्या नोंदींवरून बांधलेले ठोकताळे तर आणखी जपून वापरावेत. ज्या हवामानात ते जमले, तेच आता बदललंय.

हंगामाच्या तीन महिन्यांतल्या पावसाची बेरीज पाहून निश्चिंत होऊ नका. हवा 1 अंश सेल्सिअसनं तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. म्हणून सरी कोसळल्या तर जोरात कोसळतात, आणि एकूण पाऊस 'साधारण' असूनही मध्ये लांबलचक उघडीप पडू शकते. हे त्या एका आकड्यात दिसत नाही.

हंगामी अंदाजाकडून तारीख मागू नका. अमुक दिवशी काय होईल हे सांगण्याची मर्यादा साधारण दोन आठवड्यांची आहे. हंगामाचा कल त्यापुढेही सांगता येतो, कारण समुद्र आणि जमिनीतला ओलावा सावकाश बदलतात. (अ‍ॅपवरचे महिनाभर पुढचे रोजचे ढग-सूर्य बघायला छान, पण त्यावर बेत आखू नयेत.)

आणि थंडीची एक लाट आली म्हणून तापमानवाढ थांबत नाही, हे तर सांगायलाच नको.

अंदाज फसतोय असं वाटलं तर तो कधी काढलाय ते बघा. मार्च ते मेच्या सुमारास काढलेले एल निनोचे अंदाज तुलनेनं कच्चे असतात. जूननंतर चित्र बरंच स्पष्ट होतं. बहुतेक केंद्रं दर महिन्याला नवा अंदाज देतात, तेव्हा फेब्रुवारीत जपून ठेवलेला नकाशा ऑगस्टमध्ये पुढे पाठवू नका.