परदेशात प्राणी चावला तर

कुत्रा, मांजर किंवा माकड चावलं, नुसतं नख लागून रक्ताचा ठिपका दिसला, तरी जखम आधी वाहत्या नळाखाली धरा आणि साबणाने 15 मिनिटं धुवा. घड्याळ लावूनच, कारण दोन मिनिटांतच पुरे झालं असं वाटायला लागतं. मग त्याच दिवशी डॉक्टर गाठून रेबीजची लस सुरू करा. कृपा करून घरी परतायची वाट बघू नका. लक्षणं दिसू लागल्यावर यातून माणूस जवळपास कधीच वाचत नाही. वटवाघळाचा चावा तर इतका बारीक की दिसतही नाही. दुर्गम भागात जाणार असाल, तर निघण्याआधीच लस घ्या. मग चावल्यावर इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरोधी तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन, लागत नाही (ते अनेक ठिकाणी मिळतच नाही), पण लसीचे डोस मात्र पुन्हा घ्यावे लागतात.